साडेचार सूत

हात बाहेर आला की त्यात पाना ठेवायचा, हा या घरचा कामाचा रिवाज होता. मुलगा मशीनच्या पोटाखाली उताणा पडलेला असायचा. तो आतून नुसता आकडा ओरडायचा आणि हात बाजूला काढायचा. बाहेर उकिडवे बसलेले वडील त्या तळव्यावर पाना टेकवायचे. मूठ मिटायची, हात आत जायचा. पाना कुठला आला हे कोणी बघायचं नाही, विचारायचं नाही. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिला या प्रकाराची गंमत वाटली होती. दोन माणसं तासन्‌तास एकमेकांचं तोंड न बघता काम करतात आणि कुठे अडत नाहीत. कॉलेजात तिने बरीच पुस्तकं वाचली होती, पण इतका विश्वास त्यांत कुठे पाहिल्याचं तिला आठवत नव्हतं.

त्या दिवशी ती मुलीला कडेवर आणि डबा हातात घेऊन शेतावर पोचली तेव्हा कापणीचं मशीन अर्ध्या रानात उभं होतं. पुढचा पात्यांचा भाग उचलून जॅकवर घेतला होता. ऊन डोक्यावर आलं होतं आणि हवेत भुसा इतका की श्वास घेताना नाकात हुळहुळत होतं. मशीनचा मालक सावलीला न थांबता फेऱ्या मारत होता. त्याला सगळे घाईवाला म्हणायचे. तो जेवतानासुद्धा उभा असतो अशी त्याची ख्याती होती.

"मिस्त्री, दाणे झडायला लागलेत हो! मशीन चालतंय की दुसरी गाडी बोलवू?"

"बोलवा," तिचे सासरे, मोठे मिस्त्री, मान न वळवता म्हणाले. "ती येईपर्यंत आमचं होईल. आलीच आहे तर तिचंही काहीतरी दुरुस्त करून देऊ."

आतून तिच्या नवऱ्याचं हसू ऐकू आलं. मग, "साडेचार सूत!"

जुन्या मशीनांचे बोल्ट सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या हिश्शात, मोजायचे, नव्यांचे मिलिमीटरमध्ये. घाईवाल्याचं मशीन जुनं. ट्रकवरच्या पत्र्याच्या पेटीत दोन्ही जातींचे पाने एकत्र पडलेले असायचे, कारण ते वेगळे ठेवायची गरजच कधी भासली नव्हती. मोठ्या मिस्त्रींची बोटं पेटीत जायची आणि हवा तो पाना घेऊन वर यायची.

त्यांनी पाना काढला, अंगठा त्याच्या तोंडावर एकदा फिरवला आणि हातात ठेवला. हात आत गेला. आत जोर लावतानाचा हुंकार आला, लोखंड लोखंडावरून सटकल्याचा करकर आवाज आला, आणि मग नवऱ्याचं ओरडणं. डबा तिच्या हातातून सुटला.

तो सरपटत बाहेर आला तेव्हा उजव्या हाताच्या अंगठ्याच्या बुडापासून मनगटापर्यंत कातडं उघडं पडलं होतं. पाना सटकला आणि हात सरळ पात्यावर गेला होता. ती पाणी ओतत होती आणि पाणी लाल होऊन कापलेल्या धाटांत जिरत होतं. कडेवरून उतरवलेली मुलगी तिच्या पायापाशी काहीतरी वेचत होती. दोन वर्षांच्या या मुलीला घरात मुंगी म्हणायचे. जमिनीवर जे दिसेल ते उचलायचं आणि तोंडाकडे न्यायचं, हा तिचा दिवसभराचा उद्योग. आता तिच्या दोन्ही हातांत तो पाना होता.

तिने झटक्यात तो काढून घेतला. त्यावरचं ग्रीस पदराने पुसलं. पुसता पुसता त्याच्या दांड्यावर कोरलेलं वर आलं. एका टोकाला चौदा, दुसऱ्या टोकाला पंधरा.

सूत नव्हे. मिलिमीटर.

तिने वर पाहिलं. मोठे मिस्त्री लेकाच्या हाताला घट्ट फडकं बांधत होते. "पाना झिजलाय," ते म्हणत होते. "तोंड फाकलंय त्याचं. ही पेटीच आता सगळी झिजली."

त्याचं तोंड फाकलेलं नव्हतं. तिने पाना डब्याच्या पिशवीत टाकला आणि वरून डब्याचं झाकण ठेवलं. का, ते तेव्हा तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

हाताला टाके पडले. डॉक्टर म्हणाला, थोडक्यात वाचलं, नस बाजूलाच होती. नवरा घरी येऊन ओट्यावर बसला, डाव्या हाताने चहा पिऊ लागला आणि चहा सदऱ्यावर सांडून स्वतःलाच हसला.

"बघ मॅडम, आता तुझ्या लेकीच्या पंगतीत बसलो." मग वडिलांकडे वळला. "बाबा, नवा सेट घेऊ. हंगाम ऐन भरात आहे, त्या पेटीच्या भरवशावर काढता नाही येणार. ट्रकवर नीट बसेल असा एक चांगला, पूर्ण सेट."

तिला वाटलं, आता वाद होणार. ती पेटी म्हणजे मोठ्या मिस्त्रींचा जीव. कोणी तिच्यावर बसलं तरी त्यांना चालत नसे. पण ते लगेच म्हणाले, "घेऊ."

इतक्या पटकन हो म्हणालेलं तिने त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

ती मग बघत राहिली. बघत राहणं हा तसा तिचा स्वभावच. मूल झाल्यापासून तर घरातली प्रत्येक कडा, प्रत्येक खिळा, प्रत्येक उघडं भांडं तिच्या नजरेत असायचं. नवरा म्हणायचा, तू झोपेतही एक डोळा उघडा ठेवतेस. त्या डोळ्याला आता दुसरंच दिसू लागलं. मोठे मिस्त्री पेल्यात पाणी ओतताना कडेवर बोट ठेवायचे आणि बोट ओलं झालं की थांबायचे. चपला पायाने चाचपून घालायचे. कोणी आलं की बोलायच्या आधी त्याला बोलू द्यायचे. बसताना नेहमी दाराकडे तोंड करून, उजेडाकडे. आणि मागे एकदा मुंगीला त्यांच्यापाशी ठेवून ती कपडे वाळत घालायला गेली होती तेव्हा ते "इथेच आहे की माझ्यापाशी" म्हणत होते आणि मुंगी अंगणाच्या टोकाला गटाराच्या उघड्या तोंडाशी वाकून बसली होती. तेव्हा तिला त्यांचा नुसता राग आला होता. म्हातारं माणूस, लागली असेल डुलकी, असं म्हणून ती गप्प बसली होती. पण त्यानंतर तिने मुंगीला त्यांच्यापाशी ठेवलं नव्हतं.

आता एकेक गोष्ट जागच्या जागी बसत होती, आणि तिला ती बसायला नको होती.

बांधलेल्या हातानेच नवरा कामाला लागला. हंगामात मिस्त्री घरी बसला की गिऱ्हाईक दुसऱ्याच्या अंगणात जातं. एका ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायचं काम होतं. तीही मुंगीला घेऊन ट्रकमधून गेली. त्याच्या हाताला कपडा बदलावा लागेल, असं तिने कारण सांगितलं. ट्रॉलीचं पुढचं टोक जॅकवर होतं, नवरा खाली होता, मोठे मिस्त्री जॅकपाशी. काम संपलं की नवरा खालून पाना बाहेर फेकायचा आणि मागोमाग स्वतः निघायचा. पाना खणकन पडला की वडिलांनी जॅक सोडायचा, हेही वर्षानुवर्षांचं ठरलेलं.

पाना पडला. मोठ्या मिस्त्रींनी जॅकची चावी फिरवली. तेल सुस्कारा टाकत परत वळलं आणि लोखंड खाली येऊ लागलं. नवऱ्याचा एक पाय अजून आतच होता. दुखऱ्या हातावर भार देता येत नव्हता म्हणून त्याला निघायला वेळ लागत होता. दिवसाउजेडी, चार हातांवर, डोळे असलेल्या कोणालाही तो पाय दिसला असता.

ती किंचाळली. त्याने पाय ओढला. पायातली चप्पल आत राहिली आणि तिच्यावर ट्रॉली बसली.

मग ट्रॅक्टरवाला म्हणाला, "थोडक्यात निभावलं बुवा."

"चप्पलच गेली," नवरा उठून बसत म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, तरी तो हसला. "फाटकीच होती. चुकलं माझंच, निघायच्या आधी पाना फेकला."

मोठे मिस्त्री जॅकच्या दांड्याला धरून उभे होते. त्यांची नजर मुलाच्या आवाजाच्या दिशेने होती, पण थोडी बाजूला, जिथे कोणी नव्हतं. तिने ते पाहिलं.

नवऱ्याला सांगावं, असं परतीच्या वाटेवर तिच्या दहादा ओठांवर आलं. तो एका हाताने गाडी हाकत शीळ घालत होता. पलीकडे दाराशी मोठे मिस्त्री बसले होते, मांडीवर दोन्ही हात पालथे टाकून. मध्ये ती, आणि तिच्या कुशीत मुंगी. बोलायला जागाच नव्हती.

अवजारांचं दुकान वाटेवरच, बाजाराच्या टोकाला होतं. आत शिरताच तेल आणि नव्या रबराचा वास. अवजारवाला काउंटरवर कोपरं टेकून चहा पीत होता.

"या, या! आज सगळं खटलंच आलं! सूनबाईंना पण मिस्त्री करताय की काय?"

"तिचं चाललंच आहे," नवरा म्हणाला. "घरात सगळ्यांचे नटबोल्ट तीच आवळते."

अवजारवाल्याने सेट मांडायला सुरुवात केली. पहिला एका काळ्या प्लास्टिकच्या बॅगेत होता. झाकण उघडलं की प्रत्येक गोटी, म्हणजे बोल्टवर बसणारी टोपी, प्रत्येक पाना आपापल्या खळग्यात चमकत बसलेला.

"चॉकलेटचा डबा आहे हा," मोठे मिस्त्री त्यावरून हात फिरवत म्हणाले. "एक गोटी हरवली की कळतं, एवढं चांगलं. पण ट्रकच्या हादऱ्यात याच्या बिजागऱ्या महिनाभर टिकायच्या नाहीत. आणि मातीने खळगे भरले की गोट्या बसणार नाहीत." त्यांनी गोट्या फिरवायचं रॅचेट उचललं, कानाशी नेलं आणि हळूहळू फिरवलं. टिकटिक टिकटिक. दुकानातला पंखा आणि बाहेरची वर्दळ यांमधून ते तो बारीक आवाज ऐकत राहिले. "दात बारीक आहेत याचे. अडचणीच्या जागी जरा हलवलं तरी पकडेल. हे बरं आहे. गोट्या सहा कोनांच्या घ्या. बारा कोनांच्या जुन्या बोल्टवर घसरतात."

"बघा, अजून कान शाबूत आहेत मिस्त्रींचे," अवजारवाला म्हणाला.

कान, ती मनात म्हणाली.

मग पत्र्याची पेटी आली. दोन्ही बाजूंना उघडली की पायऱ्यांसारखे कप्पे वर यायचे. जाड पत्रा, कडीला कुलूप, खाली रबराचे पाय म्हणजे ट्रकमध्ये घसरायची नाही. नवऱ्याने डाव्या हाताने उचलून पाहिली. एका माणसाला उचलता येत होती. "हीच," तो म्हणाला. "आणि यात दोन्ही जातीचे पाने द्या. मिलिमीटर आणि सूत."

"सूत नको," मोठे मिस्त्री म्हणाले.

नवऱ्याने पेटी खाली ठेवली. "म्हणजे?"

"नुसते मिलिमीटर घे. सुताची मशीनं आता मरायला आली. किती दिवस ती ओढायची?"

"बाबा, अर्धं गिऱ्हाईक जुन्या मशीनवालं आहे. घाईवाला काय करेल?"

"घाईवाला दुसरी गाडी बोलवेल. रोज म्हणतोच आहे."

"तुम्हीच मला सांगायचात की मिस्त्रीने 'माझ्याकडे पाना नाही' म्हणायचं नसतं."

मोठ्या मिस्त्रींनी काउंटरची कड धरली होती. एकच जात पेटीत असली की चूक व्हायला वाव नाही, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं. अर्धं गिऱ्हाईक सोडून द्यायला हा माणूस तयार होता, पण ते एक वाक्य बोलायला नव्हता.

अवजारवाल्याने वातावरण हलकं करायला एक चकचकीत पाना पुढे केला. "आधी माल तर बघा, मिस्त्री. वाचा, काय लिहिलंय त्यावर. असं पोलाद तुम्हाला या बाजारात दुसरीकडे मिळायचं नाही."

मोठ्या मिस्त्रींनी पाना घेतला. डोळ्यांपासून लांब धरला, जवळ आणला. तो त्यांनी उलटा धरला होता. अक्षरं पायावर उभी नव्हती.

"वाचून पाना घेणाऱ्यातले आम्ही नाही," ते म्हणाले.

अवजारवाला हसला. दुकानात आलेला दुसरा एक ड्रायव्हर म्हणाला, "चष्मा घरी विसरलात वाटतं, आजोबा?" त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

ती पुढे झाली. त्यांच्या हातातून पाना घेतला, सरळ केला आणि वाचला, जणू स्वतःलाच उत्सुकता होती. पोलादाचं नाव वाचलं, माप वाचलं. "साडेचार सूत आहे हा, बाबा."

त्यांनी मान तिच्याकडे वळवली. या खेपेला अगदी बरोबर तिच्याकडे.

दोन्ही जातींचे पाने घेऊन ते घरी आले.

उन्हं उतरली होती. नवरा ट्रकमध्ये नव्या पेटीला जागा करत होता, पट्टा लावून ती घट्ट बसवत होता. मोठे मिस्त्री मागच्या अंगणात टाकीपाशी हात धूत होते, हाताला काहीच लागलेलं नसताना. ती डब्याच्या पिशवीतून तो पाना घेऊन गेली आणि टाकीच्या कठड्यावर ठेवला. खण्‌ असा आवाज झाला.

"हा त्या दिवशीचा," ती म्हणाली. "चौदा-पंधरा."

त्यांनी हात पुसले. पाना उचलला नाही. "कधीपासून आहे तुझ्याकडे?"

"त्याच दिवसापासून."

"बोलली नाहीस."

"तुम्ही पण नाही."

पलीकडून नवऱ्याचं ठोकणं ऐकू येत होतं. मोठे मिस्त्री टाकीच्या कठड्यावर टेकले. "ग्रीस आणायला म्हणून गेलो होतो ना मध्ये, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. आतली नस सुकत चालली म्हणतो. चष्म्याचं काम नाही, ऑपरेशनचं नाही. कडेकडेचं दिसतं अजून. मधलं गेलं. तुझं तोंड बघायला गेलो की तेवढंच दिसत नाही बघ, भोवतालचं अंगण दिसतं."

सगळा राग घेऊन ती आली होती, आणि तो ठेवायला जागा मिळेना.

"त्याला सांगणार?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही सांगायचं. तो परत खाली जायच्या आधी."

"सांगितलं की पेटीवरून उठवेल. खाटेवर बसवेल. म्हणेल, बाबा, खूप केलंत, आता आराम करा. घरी बसून मुंगीला राखा." त्यांचा आवाज कोरडा होता. "सगळा जन्म माझा हात त्याच्या हाताशी गेला, सूनबाई. दुसरं काही येत नाही मला."

"मुंगीला मी तुमच्यापाशी ठेवत नाही, बाबा," ती म्हणाली. म्हणू नये ते बाहेर पडलं होतं, आता मागे घेता येत नव्हतं. "बरेच दिवस झाले. तुमच्या लक्षात नाही आलं?"

टाकीतून पाणी ठिबकत होतं.

"आलं," ते म्हणाले.

सकाळी ती चहा टाकत होती तेव्हा घाईवाल्याचा निरोप आला. परत तेच मशीन, परत तोच भाग, झटपट येऊन जा. नवरा चपला घालत होता. तेवढ्यात पडवीतून आवाज आला. खर्र. खर्र. कानशीचा.

दोघंही बाहेर आले. पडवीतल्या शेगड्यात, त्या लोखंडी पकडीत, नवा कोरा पाना आवळलेला होता. मोठे मिस्त्री अंगाचा भार टाकून त्याच्या दांड्यावर कानस चालवत होते. कठीण पोलाद, कानस घसरत होती, परत परत तिथेच आणून ते ती रेटत होते. चकाकी उडून खाली राखाडी जखम पडली होती.

"बाबा!" नवरा ओरडला. "काय करताय? काल आणलेत ते! डोकं फिरलंय का तुमचं?" त्याने त्यांचं मनगट धरलं.

मोठ्या मिस्त्रींनी मनगट सोडवून घेतलं नाही. ते धापा टाकत होते. कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला होता.

"सुताच्या पान्याला खाच," ते म्हणाले. "मिलिमीटरला नाही. म्हणजे बोटाला कळेल."

"बोटाला कशाला? लिहिलंय ना त्यावर ढळढळीत!"

"दिसत नाही मला."

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं, परत वडिलांकडे पाहिलं.

"त्या दिवशी साडेचार सूत मागितलंस तू. मी पंधरा दिला. पाना झिजला नव्हता." त्यांनी घाम पुसला नाही. "चप्पल गेली तेव्हाही तुझं चुकलं नव्हतं. तुझा पाय मला दिसला नाही."

नवऱ्याने मनगट सोडलं. तो स्वतःच्या बांधलेल्या हाताकडे बघत राहिला, हात जणू दुसऱ्या कोणाचा आहे असा. ती दारात उभी होती. तिला वाटलं, आता तो ओरडेल, किंवा ते बोलेल ज्याची म्हाताऱ्याला भीती आहे. आराम करा, बाबा. तिने दाराची चौकट धरली.

त्याच्या जबड्याची शीर हलत होती. मग तो अंगणात गेला, ट्रकच्या पाठीला टेकून उभा राहिला, पाठमोरा. चहा उतू गेल्याचा वास आला तरी ती हलली नाही. मोठे मिस्त्रीही शेगड्यापाशी तसेच, कानस हातात धरून.

तो परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. त्याने डाव्या हाताने शेगड्याचा दांडा फिरवला, कापलेला पाना काढला आणि नव्या पेटीतून दुसरा सुताचा पाना आणून लावला. घट्ट आवळला.

"हा पाच सुताचा," तो म्हणाला. "याला दोन खाचा घाला. नाहीतर साडेचार आणि पाच एकमेकांत मिसळतील."

कानस परत चालू झाली. खर्र. खर्र.

ट्रकमध्ये बसताना मोठे मिस्त्री म्हणाले, "जॅकला मी हात लावणार नाही."

"मग कोण लावणार?" नवरा म्हणाला. उत्तर माहीत असल्यासारखं त्याने तिच्याकडे पाहिलं.

शेतावर घाईवाला वाट बघत उभा होता. बाई जॅकचा दांडा हातात घेते आहे हे बघून त्याच्या भुवया वर गेल्या. "हे काय नवीन?"

"नवीन सेट आहे," मोठे मिस्त्री म्हणाले.

जॅकला दोन्ही हात लागणार होते. कडेवर मुंगी होती. मशीनभोवती सगळीकडे पाती, कापलेली टोकदार धाटं, तेलाचे डबे. तिने चारी बाजूंना पाहिलं, नेहमीसारखं, एकेक कड बघत. मग ती पेटीपाशी उकिडव्या बसलेल्या सासऱ्यांकडे गेली.

"बाबा, मुंगीला घ्या."

त्यांनी हात पुढे केले. हात हवेत थोडे चुकले, मग पोरीचे खांदे सापडले. त्यांनी तिला मांडीवर घेतलं आणि आपल्या डाव्या हाताच्या बोटांत तिचं मनगट असं अडकवलं की ती हलली तरी त्यांना कळावं. मुंगीने पेटीतला एक पाना उचलला आणि त्याच्या खाचेत आपलं नख घालून बघू लागली.

इकडे आईने जॅक चढवायला घेतला. दांडा वर-खाली करताना तिचे खांदे भरून आले, पण मशीनचं पुढचं टोक जमिनीपासून सुटलं, वर गेलं, थांबलं. नवरा खाली सरकला. त्याचे दोन्ही पाय तिला दिसत होते. त्या पायांवरून तिने नजर हलवायची नाही, एवढंच आज तिचं काम होतं.

थोडा वेळ नुसती ठकठक. मग आतून आवाज आला, "साडेचार सूत!"

हात बाहेर आला. तळवा वर, बोटं पसरलेली.

मोठ्या मिस्त्रींचा उजवा हात पेटीत गेला. बोटं एका पान्यावर थांबली, सरकली, दुसऱ्यावर गेली. अंगठा खाचेवरून फिरला. एकच खाच. त्यांनी पाना तळव्यावर टेकवला.

मूठ मिटली, पण हात आत गेला नाही. तो तिथेच, उन्हात थांबला. आणि तिने पाहिलं, नवऱ्याचा अंगठा पान्याच्या दांड्यावरून हळूच पुढे सरकला, काहीतरी शोधत. खाच सापडली. तिथे तो क्षणभर टेकला.

मग हात आत गेला.

मोठ्या मिस्त्रींनी तो थांबलेला क्षण ऐकला होता. त्यांचा रिकामा हात अजून तसाच पुढे होता. त्यांनी तो हळूच मागे घेतला, मुंगीच्या केसांवर ठेवला आणि मान खाली घालून, पुढचा आकडा ऐकायला, कान मशीनकडे लावून बसले.